हायब्रिड, ईव्ही की सीएनजी? शोरूमला जायच्या आधी घरी बसून ठरवायची पद्धत

सगळ्यात आधी एक करा, कुठल्याही शोरूमला फोन लावू नका. एकदा नंबर गेला की पुढचे पंधरा दिवस "सर बुकिंगचं काय ठरलं" चालू होतं आणि मग डोकं शांत ठेवून विचार होत नाही. शिवाय टोयोटा-मारुतीवाला सांगणार की ईव्ही (पूर्ण विजेवरची गाडी) म्हणजे डोक्याला ताप, टाटा-महिंद्रावाला सांगणार की हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड) म्हणजे जाता जाता खपवायचा माल. दोघंही धडधडीत खोटं बोलत नसतात, आपापलं दुकान सांभाळत असतात. हे भांडण वरपर्यंत आहे बरं का, २०२४ मध्ये टोयोटा सरकारकडे हायब्रिडवरचा टॅक्स कमी करा म्हणून मागे लागली होती आणि टाटा-महिंद्रा त्याच्या विरोधात उभ्या होत्या. तेव्हा शोरूममध्ये "फ्युचर कशाचं आहे" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर बोर्ड बघून आधीच कळतं.

आणि जगाचं भविष्य आपल्याला ठरवायचंय कुठे. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के फुल इलेक्ट्रिक होत्या, वाचायला भारी वाटतं, पण त्याने हडपसरच्या सोसायटीत पार्किंगला प्लग येत नाही. आपल्याला बघायचीत फक्त ती सात-आठ वर्षं जेवढी आपण ही गाडी ठेवणार. तेवढ्यापुरतं ठरवायला फार डोकं लागत नाही. घरातलं शेवटचं वीजबिल, गेल्या दोन-तीन महिन्यांचे पेट्रोलचे यूपीआय मेसेज आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर, एवढं पुरतं.

पहिलं काम: पार्किंगमध्ये जाऊन उभे रहा

माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो आणि लोक नेमकं हेच शेवटी बघतात. गाडी रात्री कुठे उभी राहते? बंगला असेल, रो-हाऊस असेल, गावाकडे वाडा असेल तर प्रश्नच मिटला, १५ अँपिअरचा चांगल्या अर्थिंगचा पॉइंट काढला की झालं. लोकांना वाटतं ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) हवाच. गरज नसते हो. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला साधारण ३ युनिट जातात, रात्री दहा तास लावली तर ३० युनिट, म्हणजे चार्जिंगमध्ये जाणारी थोडी गळती धरूनही पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. रोज दोनशे किलोमीटर कोण चालवतं? कॅबवाले सोडून कोणी नाही. वॉलबॉक्स लावायचाच असेल तर वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तो आधी बघा, तो ३ किलोवॅट असेल आणि घरात दोन एसी असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल. अर्थिंगचं मात्र वायरमनकडून मीटर लावून चेक करून घ्या, बरेच चार्जर अर्थिंग कमजोर असेल तर चार्ज सुरूच करत नाहीत आणि मग लोक गाडीला शिव्या देतात.

फ्लॅट असेल तर खरी मजा. स्टिल्ट पार्किंग आणि जवळच मीटर रूम असेल तर आपल्या मीटरवरून केबल आणता येते, कमिटीकडून एनओसी घ्या, वार्षिक सभेत विषय घ्या, केबल पाइपमधून न्या, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) स्वतंत्र टाका. केंद्र सरकारच्या चार्जिंगच्या गाइडलाइन्समध्ये घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करायला मुभा आहे, ती प्रिंट काढून सेक्रेटरीच्या हातात द्या, तोंडी बोललेलं कोणी ऐकत नाही. पण जागा चौथ्या विंगच्या मागे आणि मीटर रूम पहिल्या विंगला असेल तर केबलचाच खर्च डोळे पांढरे करतो, तिथे मग कॉमन मीटर आणि सबमीटर हाच मार्ग, आणि त्यावर "लिफ्टच्या लोडवर परिणाम होईल" म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतातच.

दोन गोष्टी तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात. एक म्हणजे स्टॅक पार्किंग, मुंबई-पुण्यात नवीन बिल्डिंगला सर्रास असतं ते, लोखंडी ट्रेवर गाडी चढवायची आणि बटण दाबलं की ट्रे वर किंवा बाजूला सरकतो. ट्रे हलता असल्यामुळे तिथे केबल लावून ठेवणार कशी? बिल्डरने त्यासाठी वेगळी सोय केलेली नसेल तर ईव्हीचा विषय तिथेच संपला. दुसरी गोष्ट रीडेव्हलपमेंट. बिल्डिंग जुनी असेल, कन्व्हेयन्सची कागदपत्रं फिरायला लागली असतील, तर दीड-दोन वर्षांत तुम्ही भाड्याच्या घरात जाणार आणि तिथला मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, चार्जर काय लावू देणार. अशी वेळ समोर दिसत असेल तर हायब्रिड घ्या किंवा सीएनजी घ्या, ईव्ही नवीन घरात गेल्यावर बघा, तोपर्यंत निवडायला पर्यायही वाढलेले असतील.

पार्किंगमध्ये प्लग नाही आणि होणारही नाही, तरी ईव्ही घेऊन बाहेरच्या फास्ट चार्जरवर भागवू असा विचार असेल तर पुढची आकडेमोड वाचून मगच ठरवा.

"हायब्रिड" लिहिलंय म्हणून हायब्रिड असतंच असं नाही

इथे भले भले फसतात. मारुतीच्या ब्रेझा, एर्टिगा, एक्सएल६ वगैरेत जे स्मार्ट हायब्रिड येतं ते माइल्ड हायब्रिड, म्हणजे अल्टरनेटरच्या जागी एक जरा तगडी बेल्टवर चालणारी मोटर, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, थोडा जोर देते, बस. फक्त मोटरवर गाडी एक फूटही सरकत नाही. ग्रँड विटारात तर दोन्ही प्रकार येतात, माइल्ड आणि स्ट्राँग, आणि जाहिरातीतला २७.९७ चा अ‍ॅव्हरेज स्ट्राँगचा असतो. टोयोटाच्या हायरायडरचं तेच. होंडा सिटीची ई-एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड व्हेरिएंट, मारुतीची इन्व्हिक्टो, व्हिक्टोरिसची हायब्रिड व्हेरिएंट, ही सगळी स्ट्राँग हायब्रिड. हायक्रॉसची साधी पेट्रोलही मिळते, लोगो तोच, तेव्हा सेकंडहँड घेताना आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

स्ट्राँग हायब्रिड नक्की करते काय ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी पाऊण युनिटच्या आसपासची आहे. हो, पाऊण युनिट, जेमतेम एका गीझरच्या वीस-पंचवीस मिनिटांची वीज. ईव्हीची बॅटरी ४५, ६०, ७९ युनिटची असते. मग एवढ्याशा बॅटरीत अ‍ॅव्हरेज कसा वाढतो? कारण ती लांब पळवायला ठेवलेलीच नसते. ब्रेक मारला, उतार लागला की वाया जाणारी ताकद पकडून ठेवायची आणि गाडी जागची हलताना, म्हणजे जिथे पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त पितं, तिथे ती वापरायची. सोबत इंजिनपण अ‍ॅटकिन्सन सायकलचं, जोर कमी पण पेट्रोल कमी खाणारं, जोराची उणीव मोटर भरून काढते. म्हणून पुण्यातल्या चांदणी चौकात संध्याकाळी सात वाजता हायब्रिड हसत असते आणि समृद्धीवर ११० ने तासभर एकसारखी पळवली की तिचा फायदा बराचसा गळून जातो. ब्रेकच मारला नाही तर पकडणार काय?

आता आकडे मांडा, कागदावर, मनात नको

मी आकडे गोल धरतोय, पेट्रोल १०४ रुपये, महिना १००० किलोमीटर. तुम्ही तुमचे आकडे घाला.

शहरातली ट्रॅफिक, मिडसाइज एसयूव्ही, पेट्रोल ऑटोमॅटिक. खरा अ‍ॅव्हरेज ११ धरा. ९१ लिटर, साडेनऊ हजार. तशीच स्ट्राँग हायब्रिड २० देईल, ५० लिटर, ५,२००. महिन्याला सव्वाचार हजार वाचले. दोघींच्या ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर वसुलीला ७० महिने, म्हणजे सहा वर्षांच्या आत. ठीक आहे, गाडी आठ वर्षं ठेवणार असाल तर हायब्रिड परवडली.

आता तेच १००० किलोमीटर, पण दर पंधरा दिवसांनी पुणे-नाशिक किंवा पुणे-सोलापूर. हायवेला साधी पेट्रोल १६ देते, ६,५००. हायब्रिड तेच २०, ५,२००. वाचले १,३००. तीन लाख वसूल व्हायला १९ वर्षं लागतात. कळलं? गाडी तीच, माणूस तोच, रस्ता बदलला की उत्तर उलटं होतं, आणि शोरूममध्ये कोणी तुम्हाला रस्ता विचारत नाही. हायवेवालं रनिंग जास्त असेल तर डिझेलला लोकांनी उगाच मोडीत काढलंय, अजून मिळतंय तोवर त्याचाही हिशोब करून बघा.

ईव्ही. युनिटला ७ किलोमीटर धरा, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, तर १००० किलोमीटरला १६० युनिट. दर कोणता धरायचा? बिलावरचा सरासरी दर धरू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, घर आधीच २०० युनिट खात असेल तर गाडीचे १६० युनिट वरच्या महाग टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून १२ रुपये धरतो, १,९२० होतात. अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्टच्या भागात असाल तर तिकडचे टप्पे बघा, आणि ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्याचा दरच वेगळा असतो, तोही विचारून घ्या. बंगल्यावर सोलर असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या आणि ईव्ही घ्या. नसेल आणि गच्ची रिकामी असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, गाडी आणि सोलर एकत्रच विचारात घ्या.

बाहेरचा फास्ट चार्जर २२ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी. दीडशे युनिट धरले तरी ३,९०० च्या आसपास. म्हणजे हायब्रिडच्या पेट्रोलपेक्षा हजार-तेराशेच कमी, आणि वर दर पाच-सहा दिवसांनी कुठल्यातरी मॉलच्या बेसमेंटमध्ये चाळीस मिनिटं बसायचं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. घरी प्लग नसलेल्यांना हायब्रिड सुचवतो ते याच्यासाठी.

बॅटरी भाड्याने घ्यायच्या स्कीमचंही असंच गणित करा. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचं भाडं अशी होती. १००० किलोमीटरला ३,५०० भाडं आणि १,९०० वीज, झाले ५,४००. हायब्रिडचं पेट्रोल ५,२०० होतं की! स्कीम वाईट म्हणत नाही, सुरुवातीला कमी पैसे लागतात हा मोठा फायदा आहे, पण "चालवायला फुकट" हे डोक्यातून काढून टाका. आणि महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं लागणारच ते फायनान्सवाल्याकडून लेखी घ्या.

सीएनजी २२ चा अ‍ॅव्हरेज, ८५ रुपये किलो, ३,९००. गाडीही स्वस्त. रोकडा हिशोब केला तर मध्यमवर्गाला आजही सीएनजीच जिंकते, उगाच का रिक्षापासून एर्टिगापर्यंत सगळे तिथे रांगेत असतात. रांग हाच त्याचा खरा खर्च. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसची पाइपलाइन फुटली आणि मुंबईभर पंपांबाहेर काय रांगा लागल्या होत्या ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. बऱ्याच गाड्यांत डिक्की गेली, घाटात जोर कमी, दर तीन वर्षांनी सिलेंडरची टेस्ट. हे चालत असेल तर बिनधास्त घ्या, आणि गावाला सीएनजी नसेल तर पेट्रोलवर जाता येतं हे आहेच.

घाट, गणपती आणि पावसाळा

मराठी माणसाच्या गाडीचा खरा पेपर वर्षातून दोनदा असतो, एक गणपतीला कोकणात जाताना, एक मे महिन्यात महाबळेश्वरला.

पसरणी घाटाचंच बघा. पाचगणीहून वाईला उतरताना साडेपाचशे-सहाशे मीटर उंची कमी होते. चार माणसं बसलेली दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा साधारण सव्वादोन-अडीच युनिट ताकद मोकळी होते, त्यातली थोडी हवेला आणि टायरला जाते. हायब्रिडच्या पाऊण युनिटच्या बॅटरीत ती मावणारच नाही, शिवाय बॅटरी आधीच अर्धी भरलेली असते. त्यामुळे चार-पाच वळणं उतरली की स्क्रीनवर बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरतात आणि मग इंजिन आपोआप मोठ्याने घुमायला लागतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही. नवीन मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. बिघाड नाही तो, बॅटरीत जागा नाही म्हणून गाडी इंजिनने वेग धरून ठेवतेय, तुमचे ब्रेक वाचवतेय. उतारावर गिअरचा 'बी' मोड (इंजिनने वेग धरून ठेवणारा) असेल तर तो टाका, ब्रेक पॅडलवर पाय दाबून बसू नका.

ईव्ही इथे मस्त, पाचगणीहून ६० टक्क्यांवर निघालात तर वाईत पोचेपर्यंत टक्के उलट वाढलेले दिसतात. पण हॉटेलच्या चार्जरवर रात्री १०० टक्के करून सकाळी घाट उतरायला घेतलात तर भरायला जागाच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर. डोंगरावर मुक्काम असेल तर ८०-८५ वर थांबवा.

समृद्धीवर ईव्हीचं वेगळं. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५ पासून नागपूरपासून पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सलग. वेगमर्यादा १२०. ईव्हीची रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) वेग वाढला की घटते, ८०-९० ला जी गाडी ४०० देते ती १२० ला ३०० च्या खाली येऊ शकते, त्यात विदर्भातला मे महिना आणि एसी फुल. सर्टिफिकेटवरच्या रेंजच्या सरळ ६० टक्के धरून थांबे ठरवा, त्याहून जास्त मिळाली तर बोनस. कोकणात मात्र मी अजून जरा जपून असतो. मुंबई-गोवा हायवेवर चार्जर आहेत, पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे पेट्रोल पंपालाही रांग असते, चार्जरला किती असेल विचार करा, आणि पावसाळ्यात गावात लाइट गेली की कधी येईल ते गणपतीलाच माहीत. गावच्या घरी पोचताना ३० टक्के शिल्लक राहतील असं बघा.

सरकारकडून कोणाला काय मिळतं

इथे हायब्रिडचा पाय खरा अडकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन जीएसटी, छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्के, मोठ्या ४० टक्के, ईव्ही ५ टक्के. वर नावं घेतलेल्या सगळ्या स्ट्राँग हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब, म्हणजे सरळ ४० मध्ये, साध्या मोठ्या पेट्रोल गाडीच्या पंगतीला. पेट्रोल वाचवतेस म्हणून शाबासकी नाही. त्यावर महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्स, पेट्रोल गाडी १० ते २० लाखांची असेल तर १२ टक्के, २० लाखांच्या वरची असेल तर १३. ईव्हीला माफ. १६ लाखांच्या गाडीला हा फरक एकट्यानेच १ लाख ९२ हजारांचा. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला होता, त्या बातम्या आणि तिकडचे व्हिडिओ बघून इथे भाव करायला जाऊ नका.

टोल. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक चारचाकीला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. एक्सप्रेसवेचा कारचा टोल ३२० रुपये, दर आठवड्याला जाऊन-येऊन करणाऱ्याचे महिन्याला अडीच हजार वाचतात, ही रक्कम छोटी नाही. पण फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की विषय विधानसभेत गेला, तेव्हा फास्टॅगला नवीन गाडीचा आरसी नीट जोडलाय ना बघा आणि मेसेज तपासत जा. हायब्रिडला यातलं काही नाही. हिरवी नंबर पाटी असेल तर माफी, पांढरी असेल तर टोल.

सेल्समन अजून एक पिल्लू सोडतो, ईव्हीच्या लोनच्या व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्सची सूट. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनपुरतीच होती. नवीन लोनला नाही. हायब्रिडला थर्ड पार्टी विम्यात साडेसात टक्के सूट असते हे मात्र खरं, दीड लिटरच्या आतल्या गाडीला अडीचशे रुपये वाचतील, मिसळ खाऊन या.

पुढे काय येतंय, ज्याच्यासाठी थांबावं का

हायड्रोजन: नाही. गडकरी साहेब मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराईमधून संसदेत गेले, फोटो छान होते, पण आपल्याला जाऊन हायड्रोजन भरता येईल असा पंप जवळपास नाही. तो विषय ट्रक-बससाठी चाललाय, टाटाच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या २०२५ मध्ये सुरू झाल्यात, त्यात मुंबई-पुणेही आहे.

इथेनॉल: हे तुमच्या टाकीत आलेलंच आहे, २०२५ पासून ई२०. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के कमी, अ‍ॅव्हरेज थोडा पडणारच. नवीन गाडी घेताना काळजी नाही, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० साठी बनवलेल्या आहेत. सेकंडहँड हायब्रिड घेत असाल तर बनावटीचा महिना बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरींनीच फ्लेक्स-फ्युएल (जास्त इथेनॉलवरही चालणारी) हायब्रिड इनोव्हा दाखवली, उसाच्या पट्ट्यात त्यावर लोक खूश आहेत, कारखान्यांना डिस्टिलरीतून पैसा मिळतो हेही खरं, पण शोरूममध्ये येईल तेव्हा बघू.

प्लग-इन हायब्रिड: चीनमध्ये धडाधड विकल्या जातात, रोजचे पन्नास-साठ किलोमीटर विजेवर आणि लांब जायचं तर इंजिन, आपल्याकडच्या रस्त्यांना अगदी साजेशी गोष्ट. घोडं अडतं टॅक्सवर आणि किमतीवर, आपल्याकडे ज्या आल्या त्या बीएमडब्ल्यू-व्हॉल्व्हो वर्गात. मला विचाराल तर पंधरा-वीस लाखांत एखादी चांगली प्लग-इन आली तर आजची हायब्रिड आणि आजची ईव्ही दोघींचंही गिऱ्हाईक पळवेल. एवढी एकच गोष्ट आहे जिच्यासाठी जुनी गाडी अजून वर्षभर दामटावी असं मला वाटतं, तीही जुनी गाडी धड असेल तर.

सॉलिड-स्टेट बॅटरी: टोयोटा २०२७-२८ म्हणते, आधी महागड्या गाड्यांत येईल. थांबू नका.

हायब्रिड मरणार का? सात-आठ वर्षांत नाही. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला कारखान्यासाठी २०,००० कोटींचा करार केलाय तो हायब्रिड आणि ईव्ही दोन्हींसाठी, आणि तिकडे चाकणला महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई बनतायत. दोन्ही गाड्यांचे पार्ट आणि मेकॅनिक आपल्याकडेच तयार होणार, त्या बाबतीत महाराष्ट्रातला ग्राहक तसा सुखी. रीसेलला आज हायब्रिड बरी, कारण ईव्हीची नवी मॉडेल दरवर्षी जास्त रेंज घेऊन येतात आणि जुनीचा भाव पाडतात. ईव्ही घ्यायची तर विकायचा विचार न करता आठ-दहा वर्षं वापरायचीच म्हणून घ्या. आणि बॅटरीची 'लाइफटाइम वॉरंटी' बऱ्याचदा पहिल्या मालकापुरती असते, सेकंडहँड घेणाऱ्याला ती किती वर्षं लागू हे बुकलेटच्या बारीक अक्षरात वाचा. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे.

आता लावा फोन

टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला रिकाम्या रस्त्यावर देतात ती घेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला मागा, तुमच्या रोजच्या रस्त्यावर. हायब्रिड असेल तर आधी ट्रिप मीटर शून्य करा, मग स्क्रीनवर एनर्जी फ्लोचं चित्र लावा, गाडी, इंजिन, बॅटरी आणि मधले बाण. सिग्नल सुटताना पाय अलगद ठेवा, बाण बॅटरीकडून चाकाकडे जातो आणि इंजिनचा आवाज नसतो. मग एकदा जोरात दाबा, इंजिन किती ओरडतं ते ऐका, ग्रँड विटारा-हायरायडरचं तीन सिलेंडरचं आहे, काहींना तो आवाज खपत नाही आणि तो नंतर घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. निदान दहा-बारा किलोमीटर झाल्याशिवाय अ‍ॅव्हरेजचा आकडा बघू नका, थंड इंजिनला तो खोटा असतो.

डिक्की स्वतः उघडून घरातली मोठी बॅग ठेवून बघा. होंडा सिटीची साधी डिक्की ५०६ लिटर आणि हायब्रिडची ३०६, दोनशे लिटर बॅटरीने खाल्ले. हायब्रिड बॅटरीला थंड ठेवायला हवा ओढणारी जाळी केबिनमध्ये कुठे आहे ते सेल्समनला दाखवायला सांगा, तिच्यावर पिशव्या आणि उशा ठेवायच्या नाहीत, आणि घरात कुत्रं असेल तर ती जाळी केसांनी तुंबते.

आणि घरी आणल्यावर, हायब्रिड महिना-महिना उभी ठेवू नका. तिच्यात मोठ्या बॅटरीशिवाय साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, कॉम्प्युटर चालू व्हायला तीच लागते, ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असून गाडी मेलेली. परदेशी मुलांकडे चार-सहा महिने जाणाऱ्या आई-बाबांना हे नक्की सांगा, शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा 'रेडी' लाइट लागेपर्यंत चालू करून अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. पार्किंग मोकळ्या हवेचं असेल तरच, कारण मधेच इंजिन सुरू होणार.